बँक खातं पेमेंट सेवेला जोडायचंय, आधी काय काय पाहू?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

मी घरून भाषांतराची कामं करते. आतापर्यंतचे ग्राहक ओळखीतले होते, बिल पाठवलं की पैसे सरळ बँकेत यायचे. आता एका परदेशी प्रकाशन संस्थेचं मोठं काम हाती आलंय आणि त्यांचा हिशेब विभाग एका ऑनलाइन पेमेंट सेवेमार्फतच पैसे देतो. त्या सेवेत खातं उघडलं, ओळखपत्र तपासून झालं. आता शेवटची पायरी राहिलीय, बँक खातं जोडायची.

इथे येऊन मी थांबलेय. पडद्यावर दोन पर्याय आहेत. एक 'लगेच जोडा'. त्यात बँकेचं नाव निवडायचं, नेटबँकिंगचं युजरनेम आणि पासवर्ड टाकायचा की झालं. दुसऱ्यात खातेक्रमांक आपण भरायचा, मग सेवा त्या खात्यात दोन किरकोळ रकमा पाठवणार, दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत त्या जमा झाल्या की तेच आकडे सेवेत जाऊन भरायचे. पहिल्याचं बटण मोठं आणि ठळक आहे, दुसरा पर्याय तळाशी बारीक अक्षरांत.

माझं एकच बचत खातं आहे, तेही नवऱ्याबरोबर संयुक्त. घराचा हप्ता त्यातूनच जातो, दोघांची शिल्लक त्यातच. म्हणून धाकधूक जास्त आहे. खातं जोडलं म्हणजे त्या सेवेला आमच्या खात्यातून पैसे काढताही येतात, की फक्त टाकता येतात? ग्राहक सेवेला विचारलं तर 'तुमचं खातं पूर्णपणे सुरक्षित आहे' एवढंच उत्तर आलं. त्याने माझं समाधान झालेलं नाही.

घरात एक मत असं पडलं की ऑनलाइनच्या भानगडीत पडूच नये. पण मग हे काम सोडावं लागेल, आणि ते मला सोडायचं नाहीये. ज्यांना यातलं आतून माहीत आहे त्यांनी कृपया सांगा. उत्तर लांबलं तरी चालेल, मी सगळं वाचेन.

कळफलक

पासवर्डच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते.

'लगेच जोडा'च्या मागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एका प्रकारात सेवा तुम्हाला तुमच्या बँकेच्या पानावर किंवा बँकेच्या ॲपमध्ये नेऊन सोडते. लॉगिन तिथे होतं. बँक तुम्हाला विचारते की अमुक सेवेला तुमचं नाव, खातेक्रमांक, शिल्लक यांतलं काय काय पाहू द्यायचं. तुम्ही होकार दिलात की बँक त्या सेवेला एक टोकन, म्हणजे डिजिटल परवाना, देते. त्यात ठरावीकच परवानगी असते आणि ते नंतर रद्द करता येतं. तुमचा पासवर्ड सेवेला दिसतच नाही.

दुसऱ्या प्रकारात सेवेच्याच पानावर एक चौकट उघडते, वर बँकेचा लोगो असतो आणि पासवर्ड त्या चौकटीतच मागतात. मधली एखादी कंपनी तो पासवर्ड घेऊन तुमच्या नावाने बँकेत शिरते आणि पडद्यावरची माहिती उचलते. याला स्क्रीन स्क्रेपिंग म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं हेच चाललं. ती कंपनी प्रामाणिक असली तरी तुमचा पासवर्ड आता तिसऱ्याच्या हाती आहे. बहुतेक बँकांच्या अटींत पासवर्ड दुसऱ्याला देणं हा खातेदाराचा निष्काळजीपणा धरला जातो. पुढे काही बिनसलं तर बँक त्याच कलमावर बोट ठेवणार.

ओळखायचं कसं? पत्त्याची पट्टी बघा. लॉगिनच्या क्षणी तिथे तुमच्या बँकेचंच डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, हवं, अक्षर न अक्षर तेच. इंग्रजीतली आर आणि एन ही अक्षरं शेजारी आली की छोट्या पडद्यावर ती एमसारखी दिसतात, आणि खोट्या पत्त्यांत ही युक्ती खूप वापरतात. पट्टीतल्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. मधे कोणी वाचत नाहीये एवढंच ते सांगतं. समोर कोण बसलंय हे ते सांगत नाही. त्या चिन्हामागचं प्रमाणपत्र आज फुकट मिळतं, भामट्यांनाही मिळतं. आणि ॲपच्या आत उघडलेल्या पानावर पुष्कळदा पत्त्याची पट्टीच नसते. जिथे पत्ता दिसत नाही तिथे बँकेचा पासवर्ड टाकायचाच नाही.

तुमचं वर्णन वाचून मला हा दुसरा प्रकार वाटतोय. दोन रकमांचा मार्ग घ्या. दोन-तीन दिवस जातील, पण पासवर्ड कुणाकडे जाणार नाही.

खतावणी

निळीशाईताई, मी बँकेतून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षं इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या तक्रारी पाहण्यात गेली. त्यामुळे सगळं सुरळीत चाललेले लोक मला फारसे भेटलेच नाहीत, खात्यातून पैसे गेलेले भेटले. त्यावरून सांगतो.

तुमचा नेमका प्रश्न, पैसे काढता येतात की फक्त टाकता येतात, हाच खरा प्रश्न आहे. तो जोडण्याआधी विचारणारं माणूस मी काउंटरवर क्वचित पाहिलं. खातं जोडणं ही एक परवानगी नाही, तीन आहेत. एक, खात्यात जमा करण्याची. दोन, खात्यात डोकावण्याची, म्हणजे शिल्लक आणि नोंदी पाहण्याची. तीन, खात्याला नावे टाकण्याची, म्हणजे तुमच्या खात्यातून स्वतःहून पैसे ओढून घेण्याची. काही सेवा फक्त पहिली मागतात. पुष्कळ सेवा तिन्ही एकाच खुणेत घेतात. खातेक्रमांक भरायच्या पानावर शेवटच्या बटणाच्या जरा वर एक परिच्छेद असतो, बहुतेक करड्या अक्षरांत. त्यात 'अधिकृत करते', 'मँडेट' (खात्यातून पैसे कापून घ्यायची आगाऊ परवानगी), 'वसूल करणे', 'ऋण शिल्लक' असे शब्द शोधा. ते सापडले तर तिसरी परवानगी तुम्ही देताय. तो परिच्छेद कॉपी करून तारखेसकट जपून ठेवा. पुढे वाद झाला तर तोच कागद कामी येतो, ग्राहक सेवेचं 'पूर्णपणे सुरक्षित' कामी येत नाही.

आता मला फक्त पैसे घ्यायचेत, मग सेवा माझ्या खात्यातून का काढेल, असं तुम्ही म्हणाल. हे नीट समजून घ्या, कारण भाषांतरकार, चित्रकार, शिकवण्या घेणारे अशा सगळ्यांना हे लागू आहे. समजा ग्राहकाने तुमचं बिल कार्डाने भरलं. पैसे सेवेत आले, तुम्ही ते बँकेत आणले, खर्चही केले. काही आठवड्यांनी त्या ग्राहकाने, किंवा ज्याचं कार्ड चोरून वापरलं गेलं त्या मूळ मालकाने, आपल्या बँकेत हरकत घेतली. कार्डांच्या नियमांत बऱ्याच कारणांसाठी अशी हरकत घ्यायला १२० दिवसांपर्यंत मुदत असते. हरकत मान्य झाली की कार्डाची बँक ते पैसे सेवेकडून परत घेते. सेवा तुमच्याकडून घेते. सेवेतली तुमची शिल्लक शून्य असेल तर ती ऋण होते, आणि तिसरी परवानगी दिलेली असेल तर ती रक्कम जोडलेल्या बँक खात्यातून ओढली जाते. यात कुणी चोरी केलेली नसते. तुम्हीच खूण केलेल्या अटीप्रमाणे ते झालेलं असतं. आणि नेमक्या त्याच दिवशी घराचा हप्ता जायचा असेल तर तो परत जातो, त्याचा दंड वेगळा.

म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला: या कामासाठी वेगळं बचत खातं उघडा, फक्त तुमच्या नावाचं. त्यात किमान शिल्लक ठेवा. पैसे आले की स्वतः मुख्य खात्यात वळते करा. नव्या खात्याला ओव्हरड्राफ्ट जोडू नका. शिल्लक कमी पडली की मुदत ठेव आपोआप मोडून भरणा होतो अशी सोयही काही बँका देतात, ती या खात्यावर नको. नाहीतर खातं वेगळं करून काही उपयोग नाही, मागच्या दाराने ठेवीलाच हात लागतो. शक्य असेल तर हे खातं दुसऱ्याच बँकेत काढा. एकाच बँकेत असलं तर नेटबँकिंगचं लॉगिन एकच राहतं आणि सगळी खाती त्या एका पडद्यावर दिसतात.

संयुक्त खात्याला आणखी दोन अडचणी आहेत. सेवेतलं नाव आणि बँकेतलं पहिल्या खातेदाराचं नाव जुळलं नाही तर पडताळणी अडते. आणि तुमच्या व्यवसायातल्या वादाचे पैसे नवऱ्याच्या कमाईतून जाऊ शकतात. त्यांची त्याला संमती आहे का, हा तुमच्या घरातला प्रश्न, पण तो विचारायला हवा.

दोन रकमांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा मार्ग चांगला असला तरी त्याला एक भोक आहे. त्या रकमा पाठवण्यामागे विचार असा की खात्याचं विवरण ज्याला पाहता येतं तोच खातेदार. म्हणजे ते दोन आकडे हा एक प्रकारचा पासवर्डच झाला. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. पासबुक पुढे केलं. एकाखाली एक दोन जमा नोंदी, दोन्ही सुट्या पैशांतल्या, आणि त्याखाली त्या दोन्हींची बेरीज नावे टाकलेली तिसरी ओळ. काही सेवा पाठवलेले पैसे असे परत घेतात. बाई म्हणाल्या, 'बँकेतून फोन आला होता, तपासणी चालू आहे, कोणत्या दोन रकमा आल्या ते वाचून दाखवा म्हणाले.' त्यांनी वाचून दाखवल्या. फोनवरच्या माणसाने स्वतःच्या पेमेंट खात्याला बाईंचं बँक खातं जोडलं होतं आणि त्याला तेवढे दोन आकडेच हवे होते. पुढची नोंद मोठ्या रकमेची होती, पासबुकाच्या त्याच पानावर. बाईंनी ना पासवर्ड दिला होता ना ओटीपी. 'मी काहीच गुप्त सांगितलं नाही हो,' हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं.

तेव्हा हे आकडे कुणालाही सांगायचे नाहीत, सेवेच्या पानावर स्वतः लॉगिन करूनच भरायचे. आणि आपण काही जोडायला घेतलेलं नसताना अशा दोन रकमा खात्यात दिसल्या, तर कुणीतरी तुमचं खातं जोडायचा प्रयत्न करतंय असं समजून त्याच दिवशी बँकेला कळवायचं. रक्कम लहान म्हणून सोडून द्यायची नाही.

खातेक्रमांक भरताना घाई नको. आयबॅन हा आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खातेक्रमांक वापरणाऱ्या देशांत क्रमांकातच तपासणीचे दोन अंक असतात, ९७ ने भागून ते पडताळले जातात, त्यामुळे एखादा अंक चुकला तर बहुधा लगेच कळतं. साध्या खातेक्रमांकात अशी सोय असेलच असं नाही. चुकलेला क्रमांक दुसऱ्या कुणाचा तरी असू शकतो, आणि पुष्कळ यंत्रणा नाव न पाहता क्रमांकावर जमा करत आल्या आहेत. पासबुकावरून चार-चार अंकांचे गट करून मोठ्याने वाचा, दुसऱ्याला तपासायला लावा.

बँकेच्या सूचना चालू करा, जमा आणि नावे दोन्हींच्या, कितीही लहान रकमेच्या. काही ॲपमध्ये सूचनेची किमान मर्यादा ठरवलेली असते, ती शून्यावर आणा. सूचनेचं महत्त्व तक्रारीच्या मुदतीमुळे आहे. भारतात खातं असेल तर रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले नियम वाचून ठेवा, आणि ते आज बदललेत का ते बँकेत विचारा. त्या परिपत्रकात असं होतं: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची तक्रार, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत केली तर मर्यादित. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. पण पासवर्ड किंवा ओटीपी स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान ग्राहकाचंच. काउंटरपलीकडे उभ्या माणसाला हे वाक्य सांगताना मला फार जड जायचं.

वाटसरू

खतावणीकाका, माहिती छान आहे, पण वेगळं खातं ही सामान्य माणसाला कटकट आहे. पुन्हा कागदपत्रं, पुन्हा किमान शिल्लक, आणखी एक पासवर्ड. मी बरीच वर्षं मुख्य खात्याचं डेबिट कार्डच सेवेला जोडून खरेदी करतोय, काही झालं नाही. कार्ड जोडलं तर खातेक्रमांक द्यावाच लागत नाही. निळीशाईंनी कार्ड का जोडू नये?

खतावणी

वाटसरू, खरेदीसाठी तुमचं बरोबर आहे. उलट मी म्हणेन, खर्चासाठी बँक खात्यापेक्षा कार्ड बरं, आणि डेबिटपेक्षा क्रेडिट कार्ड बरं. क्रेडिट कार्डाच्या वादात बँकेचे पैसे अडकलेले असतात, तुमचे नाहीत. निकाल लागेपर्यंत तुमचा हप्ता, भाडं, काही थांबत नाही. डेबिट कार्डात पैसे आधी जातात आणि मग भांडायचं. शिवाय कार्ड बंद करून नवीन क्रमांक घेता येतो, दहा मिनिटांचं काम आहे. खातेक्रमांक बदलायचा म्हणजे हप्ते, पगार, विमा, सगळं हलवावं लागतं.

पण ताईंना पैसे घ्यायचे आहेत. सेवेतली शिल्लक बाहेर काढायला बहुतेक ठिकाणी बँक खातंच लागतं. आणि कटकट म्हणाल तर आहेच, मी ती नाकारत नाही. ज्यांच्या मुख्य खात्यात घर चालवण्यापुरतंच काही असतं, त्यांनी तर ती आवर्जून करावी. ज्यांच्याकडे चार ठिकाणी पैसे आहेत ते एक खातं महिनाभर अडकलं तरी निभावून नेतात.

दूरगावकर

मी जर्मनीत राहतो, इकडचं सांगतो, कारण निळीशाईंचा ग्राहक परदेशी आहे आणि इथे वाचणारेही निरनिराळ्या देशांतले आहेत.

युरोपात सेपा नावाची युरोमधल्या भरण्यांची सामायिक यंत्रणा आहे, तिच्या थेट वसुलीत खातेदाराला आठ आठवड्यांपर्यंत कारण न सांगता पैसे परत मागता येतात. मँडेटच दिलेलं नसेल तर ही मुदत १३ महिने आहे. सप्टेंबर २०१९ पासून ऑनलाइन भरण्याला दोन घटकांची पडताळणी लागते, म्हणून खातं जोडतानाही आम्हाला बँकेच्याच ॲपमध्ये जाऊन मान्यता द्यावी लागते. कळफलक म्हणतात तो पहिला प्रकार. अमेरिकेत माझी बहीण असते. तिच्या बँकेने तिला स्पष्ट सांगितलंय की अनधिकृत नोंद विवरणपत्र पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत कळवा, नंतरच्या नुकसानाची खात्री नाही. म्हणजे देश बदलला की मुदत बदलते. जो खातं उघडतो त्याने आपल्या बँकेची मुदत शोधून फोनवर नोंदवून ठेवावी.

आणखी एक. पैसे सेवेत साठवू नका. तिथली शिल्लक बँकेतल्या ठेवीसारखी विम्याखाली असेलच असं नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत सिनॅप्स नावाची, ॲप आणि बँका यांच्यामधली कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या आणि बँकांच्या नोंदी जुळेनात, आणि ज्यांचा त्या कंपनीशी थेट काही संबंधही नव्हता अशा हजारो लोकांचे पैसे अडकले. त्या ॲपमधून पगार आणि बचत सांभाळणारे लोक होते ते.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तो करड्या अक्षरांतला परिच्छेद शोधला. काका, तिन्ही परवानग्या त्यात आहेत. ऋण शिल्लक वसूल करण्याचं वाक्य अगदी शेवटी आहे. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. माझ्या एकटीच्या नावाने दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि दोन रकमांचा पर्याय निवडला.

आता दोन शंका. सेवेच्या खात्यालाच कुणी फोडलं तर? तिथे सध्या फक्त पासवर्ड आहे आणि एसएमएसने ओटीपी येतो. आणि सेवेने आता बँक खात्याचा पुरावा मागितलाय, रद्द केलेला धनादेश किंवा विवरणपत्राचं पान. ते द्यावं का?

कळफलक

पहिल्या शंकेचं मी सांगतो. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा खूप बरा, पण तो तुमच्या सिमकार्डाला बांधलेला आहे. कुणी मोबाइल कंपनीला फसवून तुमच्या क्रमांकाचं दुसरं सिम काढलं की ओटीपी त्याला जातात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच एसएमएसला 'मर्यादित' वर्गात टाकलं. सेवेच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ऑथेंटिकेटर ॲपचा पर्याय असेल तर तो घ्या. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड तुमच्या फोनमध्येच तयार होतो, नेटवर्कवरून येत नाही. पासकीचा, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमधल्या डिजिटल किल्लीने लॉगिन करण्याचा, पर्याय असेल तर आणखी उत्तम. पासकी त्या ठरावीक डोमेनलाच बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही. माणूस फसला तरी ती फसत नाही.

हे चालू करताना, फोन हरवला तर आत शिरता यावं म्हणून काही परतीचे कोड मिळतात. ते कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा, त्याच फोनमध्ये फोटो काढून नको. आणि ज्या ईमेलवर सेवेचं खातं आहे त्या ईमेललाही हीच सुरक्षा लावा. 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबलं की दुवा ईमेलवर जातो. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती सगळं.

मदत हवी असेल तर सेवेचा फोन नंबर शोधयंत्रात शोधू नका. वर दिसणाऱ्या जाहिरातींत खोटे नंबर असतात. लॉगिन करून आतल्या मदत विभागातूनच संपर्क करा. कुणी फोनचा पडदा दाखवणारं ॲप उतरवायला सांगितलं तर फोन ठेवा.

खतावणी

पुराव्याची मागणी रास्त असू शकते, सेवांनाही खातेदार तपासावा लागतो. पण ती मागणी सेवेत लॉगिन केल्यावर आत दिसते का ते आधी बघा. फक्त ईमेलमध्ये आली असेल, आत काही नसेल, तर काहीही पाठवू नका.

आत दिसत असेल तर विवरणपत्राचं पहिलं पान द्या. त्यावर नाव, पत्ता, खातेक्रमांक, बँकेचं नाव आणि तारीख दिसू द्या. व्यवहारांच्या ओळी आणि शिल्लक झाका. तुमचं खातं नवीन आहे, त्यामुळे फारशा ओळी नसतीलच. झाकताना फोनमधल्या अर्धपारदर्शक मार्करने नको, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. कागद छापून त्यावर कागदाची पट्टी ठेवा आणि मग फोटो काढा. पानावर आडवं लिहा, 'फक्त अमुक सेवेच्या खाते पडताळणीसाठी', खाली तारीख. हे लिहिलेलं पान दुसरीकडे वापरणं अवघड जातं. धनादेशच द्यायचा झाला तर त्यावर सही करायची नाही. दोन आडव्या रेघा आणि मधे मोठ्या अक्षरांत 'रद्द', एवढं पुरे. सही केलेला रद्द धनादेश मी ढिगाने पाहिलाय. त्याने खातेक्रमांकाबरोबर सहीचा नमुनाही बाहेर जातो.

आणि पहिल्या बिलाचे पूर्ण पैसे एकदम मागवू नका. ग्राहकाला विनंती करून छोटी रक्कम आधी पाठवायला सांगा, ती सेवेतून बँकेत आणून पाहा. नाव, क्रमांक, पडताळणी यांत काही अडकायचं असेल तर ते लहान रकमेवर अडकू दे.

दूरगावकर

काका, जाता जाता एक विचारतो. काम संपल्यावर खातं तोडायचं कसं? मी एका सेवेचं ॲप फोनमधून काढून टाकलं होतं, तरी बँकेच्या परवानग्यांच्या यादीत तिचं नाव दिसतंय.

खतावणी

ॲप काढल्याने काहीच तुटत नाही, तुमच्या फोनमधलं चित्र जातं एवढंच. क्रम असा धरा. सेवेतली शिल्लक बँकेत आणा. वाटेत असलेले व्यवहार पूर्ण होऊ द्या, नाहीतर परत आलेले पैसे जाणार कुठे? मग सेवेच्या सेटिंगमधून बँक खातं काढा, खातं काढल्याचा ईमेल येतो तो ठेवा. त्यानंतर बँकेच्या बाजूने दोन ठिकाणी पाहा. मँडेट किंवा ऑटो-डेबिटच्या यादीत ती सेवा असेल तर रद्द करा, आणि तुम्ही म्हणता त्या परवानग्यांच्या यादीतूनही काढा. या दोन याद्या वेगळ्या असतात आणि एक रद्द केली म्हणून दुसरी रद्द होत नाही.

ज्यांनी ग्राहकांकडून पैसे घेतलेत त्यांनी वेगळं उघडलेलं बँक खातं लगेच बंद करू नये. वर सांगितलेली कार्डाच्या हरकतीची मुदत शेवटच्या बिलापासून सरू द्या, तोवर किमान शिल्लक ठेवून सूचना चालू ठेवा. आणि मँडेट शाखेत जाऊन रद्द करत असाल तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.